काउंटरवर जो उभा, त्याची चूक

"बाकी सगळं राहू द्या," वकीलबाई म्हणाल्या. "तो शर्ट धुतला कुणी, एवढंच सांगा."

रविवार होता. लॉन्ड्रीचं शटर खाली ओढलेलं होतं आणि इस्त्रीच्या लांब टेबलाभोवती सगळं घर बसलं होतं. घर म्हणजे तरी आता राहिलं होतं काय? भिंतीकडच्या टोकाला सासूबाई, आणि त्यांना अगदी खेटून धाकटा. वयाने चाळिशी ओलांडली, पण आईशेजारी बसला की अजून शाळेतलं पोर. समोर वन्सं. त्या शाळेतून रिटायर झाल्या होत्या, बसायची ढब मात्र अजून मुख्याध्यापिकेची होती. धाकट्याची बायको केस उभी राहिली तशी पोरांना घेऊन माहेरी गेली होती, ती परतलीच नव्हती. शहाणी बाई! आणि दाराजवळच्या स्टुलावर थोरली. नवऱ्याच्या खुनाचा आरोप होता तिच्यावर. जामिनावर सुटून ती याच घरात राहत होती, आणि मघाशी या सगळ्यांना चहाही तिनेच करून दिला होता. सगळे गटागटा प्यायले होते. खुनी बाईच्या हातचा चहा प्यायला एकालाही भीती वाटली नाही, हे तिने बरोब्बर पाहून ठेवलं होतं.

"त्यात विचारायचं काय?" धाकटा म्हणाला. "वहिनीने पोलिसांना स्वतःच सांगितलंय. गिऱ्हाइकांच्या समोर. 'मी धुतला' म्हणून."

"ते मला पाठ आहे. सरकारी वकील रोज म्हणून दाखवतात. मी घरातल्यांना विचारतेय."

पाठ असायलाच हवं होतं. सगळी केसच त्या एका वाक्यावर उभी होती. थोरला तळघरात, लोखंडी जिन्याच्या पायथ्याशी, डोकं फुटून पडलेला सापडला होता. तिथेच खाली ड्रायक्लीनिंगचं मशीन होतं. शुद्धीवर न येताच तो हॉस्पिटलमध्ये वारला. अंगावरचे कपडे हॉस्पिटलने पिशवीत घालून घरच्यांच्या हातात दिले. पाय घसरला असेल, असं तेव्हा सगळेच म्हणाले. मग वन्संनी भावाची आठवण म्हणून तो शर्ट मागितला, आणि कपाट उघडून बघतात तर काय, शर्ट स्वच्छ धुतलेला, कडक इस्त्री केलेला, हँगरला लावलेला! गळ्याशी एक बटण नव्हतं, झटापटीत तुटल्यासारखं. आदल्या संध्याकाळी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि "मरा मग तिथेच खाली!" असं थोरली ओरडली होती, हे अर्ध्या गल्लीने ऐकलं होतं. वन्संनी दोन आणि दोन चार केले आणि तडक पोलिस स्टेशन गाठलं.

पोलिस आले तेव्हा दुकान पुन्हा सुरू झालं होतं आणि काउंटरवर थोरली उभी होती. साहेबाने शर्ट पुढे धरला. "हा कुणी धुतला?" थोरली म्हणाली, "मी."

झालं! आता हे बाहेरच्या माणसाला कसं समजावायचं? या लॉन्ड्रीत आजेसासऱ्यांच्या काळापासून एकच कायदा होता: काउंटरवर जो उभा, त्याची चूक. साडीचा रंग उतरो, कोटाची बाही जळो, गिऱ्हाईक कितीही तणतणो, आतल्या माणसाचं नाव बाहेर काढायचं नाही. "माझ्या हातून झालं" म्हणायचं आणि हात जोडायचे. आत गेल्यावर हवं तर एकमेकांच्या झिंज्या उपटा. लग्न होऊन आली तेव्हा थोरलीला स्वयंपाकघर दाखवायच्या आधी सासूबाईंनी हा नियम सांगितला होता. तेव्हापासून तिने इतक्यांच्या इतक्या चुका अंगावर घेतल्या होत्या, की कुणी कपडा पुढे करून "कुणी केलं?" विचारलं की तोंडातून आपोआप "मी" निघायचं. पोलिसापुढेही निघालं. या घराबाहेरच्या कुठल्याही बाईने अशी चूक केली नसती.

"मी सांगू का?" वकीलबाईंनी चष्मा काढला. "वर्षभर ही मूग गिळून बसली होती. काल बोलली. म्हणते, शर्टाच्या कॉलरला इस्त्री आतून बाहेर फिरवलीय. या घरात तशी इस्त्री एकच माणूस करतं."

वन्संनी मान वळवून आईकडे पाहिलं. धाकट्याने जमिनीकडे पाहिलं. सासूबाई मात्र सरळ थोरलीकडे बघत होत्या.

"बोललीस शेवटी," त्या म्हणाल्या.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते, आई," थोरली म्हणाली. आणि ते खरं होतं. वर्षभर रोज सकाळी उठताना तिला वाटायचं, आज बोलतील. जेवायला वाढताना वाटायचं, आता बोलतील. मी काउंटरवर यांच्या चुका झाकल्या, एकदा तरी या पुढे होऊन माझं ओझं उतरवतील. वाट बघून बघून तिच्या मनाचं पार चिपाड झालं होतं.

"आई," वन्संचा आवाज चिरकला, "तू धुतलास?"

"धुतला. मग काय करायचं होतं? पोटच्या पोराचा कपडा पिशवीत कुजत ठेवायचा होता?"

"अगं, पण मी त्या शर्टापायी हिच्यावर खुनाची तक्रार केली! तुझ्यासमोर केली! तेव्हा तुझी जीभ कुठे गेली होती?"

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"आता मुद्द्याचं," वकीलबाई म्हणाल्या. "शर्टाला वास कसला होता?"

"हॉस्पिटलचा," धाकटा झटकन म्हणाला. "औषधांचा. दुसरा कसला असणार?"

"शर्ट तुम्ही धुतला होता का? नाही ना? मग गप्प बसा."

थोरलीचं सगळं इथे अडलं होतं. तळघरातल्या मशीनच्या दाराचं रबर गेलं होतं, केमिकल झिरपत होतं, खाली पाच मिनिटं थांबलं तरी डोकं गरगरायचं. ते भांडण त्यावरूनच झालं होतं. "रबर बसवल्याशिवाय खाली जाऊ नका," ती नवऱ्याला विनवत होती, आणि तो म्हणत होता, "उद्या माल द्यायचाय." मग तिचा तोल गेला आणि ते वाक्य तोंडातून निघून गेलं. हे तिने कोर्टात सांगून पाहिलं होतं. पण पोलिस आले तेव्हा मशीनला नवंकोरं रबर होतं, आणि धाकट्याने गेल्या महिन्यात शपथेवर सांगितलं होतं, की मशीन आधीपासून ठणठणीत होतं. मशीनची जबाबदारी त्याची. त्याचा शब्द कोण खोटा पाडणार? शर्टाला केमिकलचा वास होता, असं धुणाऱ्याने सांगितलं तरच ती सुटणार होती. नाहीतर जन्मठेप.

"आई, माझ्याकडे बघ." वन्सं उठून आईसमोर उभ्या राहिल्या. "केमिकलचा वास होता का?"

सासूबाईंनी धाकट्याकडे पाहिलं. बोलला धाकटा.

"आणलं होतं गं मी रबर!" तो एकदम ओरडला. "खोक्यात आणून ठेवलं होतं! दादाला म्हटलं होतं, सोमवारी बसवतो. एक दिवस! एका दिवसाने काय होतंय, असं वाटलं मला. मित्र बाहेर गाडीत थांबले होते, मी गेलो." आणि टेबलावर डोकं टेकून तो हमसून हमसून रडायला लागला. सासूबाईंनी त्याचं डोकं ओढून मांडीवर घेतलं.

थोरलीचेही डोळे भरून आले, आणि त्याचा तिला रागच आला. ती या घरात आली तेव्हा हा शाळेत होता. याचा डबा तिने भरला, याच्या तापात ती जागली, याने जाळलेल्या कपड्यांसाठी हात तिने जोडले. आणि याने? कोर्टात तिच्या डोळ्याला डोळा न भिडवता सांगितलं, मशीन ठणठणीत होतं.

"मग शपथेवर खोटं का बोललास?" वन्संनी विचारलं.

"मग काय सांगू? माझ्यामुळे दादा मेला म्हणून?"

वन्सं मटकन थोरलीच्या शेजारी बसल्या. त्यांनी तिचा हात हातात घेतला. वर्षभरात या घरातल्या माणसाने आपणहून तिला पहिल्यांदा हात लावला होता.

"वहिनी, चुकले गं मी," त्या म्हणाल्या. "आंधळी झाले होते. दादा गेला, आणि कुणावर तरी चिडायचं होतं मला. तू समोर होतीस. उद्या आई सगळं सांगेल. नाही सांगितलं तर मी सांगायला लावेन."

थोरलीने त्यांचा हात दाबला.

"सांगायच्या आधी पुढचं ऐकून ठेवा," वकीलबाई म्हणाल्या. त्यांना असली रडारड नवी नव्हती. "हे बाहेर आलं की भाऊसाहेबांवर केस होणार. निष्काळजीपणाने जीव गेला, त्याची एक. खोटी साक्ष दिली, त्याची दुसरी. मी उगाच गोड बोलत नाही."

"म्हणजे तुरुंग?" वन्संनी विचारलं.

"बहुतेक."

वन्संचा हात हळूहळू सैल पडला. त्यांनी ओढून घेतला असं नाही, पण आधी बोटं सुटली, मग तळवा सुटला, आणि मग तो हात त्यांच्याच मांडीवर जाऊन बसला. थोरली बघत राहिली.

"मधला काही मार्ग नाही का हो?" वन्सं वकीलबाईंना म्हणाल्या. आता त्यांचा आवाज पालकसभेतला झाला होता. "म्हणजे रागाच्या भरात ढकललं, मारायचा हेतू नव्हता, असं काही? शिक्षा कमी होते ना त्याने?"

"ढकललंच नाही तिने!"

"तसं नाही, पण—" वन्सं थोरलीकडे वळल्या. "वहिनी, राग मानू नकोस. मी मोकळेपणाने बोलते. त्याला दोन लेकरं आहेत. तुला मागेपुढे कुणी नाही."

"माझ्या मागेपुढे जो होता, वन्सं, तो तळघरात पडला," थोरली म्हणाली. "याने रबर बसवलं नाही म्हणून पडला. आणि आता याच्यासाठी मी आत जाऊ? चोर सोडून संन्याशाला फाशी? बोलायला जीभ तरी कशी रेटते तुमची!"

"जोरात बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. धाकट्याच्या केसांतून त्यांचा हात फिरत होता. "एक गेला माझा. हा एकच उरलाय. तू आई नाहीस, तुला नाही कळायचं."

हे त्या आजवर अनेकदा बोलल्या होत्या. प्रत्येक वेळी थोरली आत जाऊन तोंडावर पाणी मारायची आणि कामाला लागायची. आज ती जागची हलली नाही.

"बरोबर आहे, आई," ती म्हणाली. "आपला तो बाळ्या. मी तर कुणाचीच नाही."

मग सासूबाई म्हणाल्या, "उद्या येईन मी कोर्टात. धुतला मी, असं सांगेन. तेवढं खरं आहे, तेवढं सांगेन."

"आणि वास?"

"वयाने माझं नाक गेलंय," सासूबाई म्हणाल्या. धाकट्याने डोकं वर केलं आणि बाहीने डोळे पुसले. वन्संनी मोठा श्वास सोडला. इस्त्रीच्या टेबलावर बसल्या बसल्या म्हातारीने सगळ्यांच्या वाटण्या करून टाकल्या होत्या. सुनेला अर्धं खरं, मुलाला अर्धं खोटं, आणि स्वतःला पुण्य!

बाहेर गाडीपाशी वकीलबाईंनी विचारलं, "उभी करू की नको म्हातारीला? उलटली तर आहे तेही जाईल."

"करा उभी," थोरली म्हणाली. "फाशी जायचं तरी निदान दुसऱ्याच्या धुण्यासाठी नको."

कोर्टाची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. पंखे फिरत होते, वारा मात्र येत नव्हता. सासूबाईंना पिंजऱ्यात बसायला खुर्ची दिली. मागच्या बाकावर वन्सं आणि धाकटा, खांद्याला खांदा लावून. थोरली आरोपीच्या जागी उभी.

वकीलबाईंनी काउंटरचा नियम विचारला. सासूबाईंनी सांगितला, जरा अभिमानानेच. शर्ट कुणी धुतला? मी. कधी? तो गेला त्याच दिवशी. सून कुठे होती? हॉस्पिटलात, त्याच्यापाशी. शर्टाला कसला वास येत होता?

"मला वास येत नाही आताशा," सासूबाई म्हणाल्या. "वय झालं."

वकीलबाईंनी तेच फिरवून फिरवून विचारलं. म्हातारी तसूभर हलली नाही. वकीलबाई खाली बसल्या. थोरलीने डोळे मिटून घेतले. संपलं, तिच्या मनात आलं. आता निदान वाट तरी बघायला नको.

सरकारी वकील उठले. गोड माणूस. बोलताना हसायचे.

"आजी, तुमच्या दुकानाचा नियम मला फार आवडला. एकमेकांची चूक आपल्या अंगावर घ्यायची. आजही तेच चाललंय ना? पोलिसांना सून म्हणाली मी धुतला. आता ती अडकली, तर तुम्ही म्हणताय मी धुतला. सुनेला वाचवायला!"

"काय म्हणालात?"

"सुनेला वाचवायला तुम्ही हे अंगावर घेताय, असं म्हणालो."

"हिला?" सासूबाईंनी थोरलीकडे बोट केलं. "हिला वाचवायला मी खोटं बोलेन? लग्न करून आली ती माझ्या मुलाला माझ्यापासून तोडत आली. जेवायला बसला तरी आधी हिच्या तोंडाकडे बघायचा तो. हिच्यासाठी मी कोर्टात यायला पायताणसुद्धा झिजवलं नसतं."

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशांनी वर पाहिलं तशी थांबली. थोरलीला वाईट वाटलं नाही. आश्चर्यही वाटलं नाही. सासूबाई आज पहिल्यांदा पोटातलं बोलल्या होत्या.

"बरं, नसेल," सरकारी वकील म्हणाले. "मग धुवायची एवढी घाई कशाला? मुलगा गेला त्याच दिवशी? आजी, मुलाचं प्रेत घरी यायचं असताना कुठल्या आईला कपडे धुवायचं सुचतं हो?"

"सुचतं!" सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "तुम्ही कोण मला आई शिकवणारे? तुम्ही होता तिथे? मी त्याचा शर्ट तोंडाला लावायला पिशवी उघडली. त्याच्या अंगाचा वास हवा होता मला. लहानपणापासून ओळखीचा होता तो. आणि आला काय, तर केमिकलचा भपकारा! डोळे चुरचुरले माझे. नुसतं केमिकल, माझं पोर कुठेच नाही त्यात! म्हणून धुतला. पाण्यावर पाणी घातलं. वाटलं, तेवढं केमिकल गेलं की खाली तो सापडेल. ते जाईना हो, काही केल्या जाईना, मग शेवटी..."

त्या थांबल्या. आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं. थोरलीने ते कळताना पाहिलं, आणि वर्षभर जिला तळतळाट दिले त्या बाईकडे तिला बघवेना.

सरकारी वकील आता हसत नव्हते. न्यायाधीश पुढे वाकले. "आजी, मघाशी म्हणालात वास येत नाही."

सासूबाई पुन्हा खुर्चीत बसल्या.

"केमिकल म्हणजे कुठलं? तुमच्या मशीनमधलं?"

"आई!" मागच्या बाकावरून धाकटा ओरडला. वन्संनी त्याला दंडाला धरून खाली बसवलं. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. अजूनही माघार घेता आली असती. म्हातारीचा गोंधळ झाला, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं असतं. थोरली मनात काहीच म्हणाली नाही. देवाकडेही काही मागितलं नाही. मागायचं तरी काय? हिचा दुसरा मुलगा?

"हो," सासूबाई म्हणाल्या. "मशीनमधलं. रबर गेलं होतं त्याचं." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "सून सांगत होती तेच खरं आहे."

पुढचं सगळं भराभर झालं. धाकट्याला कोर्ट सोडून जायचं नाही असं सांगितलं. एक पोलिस त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. वन्सं त्याच्याबरोबर आतल्या खोलीत गेल्या, जाताना थोरलीच्या अंगावरून गेल्या, आणि त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. वकीलबाई थोरलीचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "सुटलीस असं समज. निकाल काय, आता नुसता वाचायचा राहिला." थोरलीला आनंद व्हायला हवा होता. तिने मनात शोधून पाहिला, सापडला नाही.

व्हरांड्यात जिन्याच्या तोंडाशी सासूबाई एकट्याच उभ्या होत्या. एक हात कठड्यावर, दुसरा अधांतरी. गुडघ्यांमुळे त्यांना एकटीला जिना उतरता येत नसे. घरी थोरली धरायची. आज सकाळी वर आणताना धाकट्याने धरलं होतं.

थोरली त्यांच्याजवळ जाऊन थांबली.

"खाल्लीस ना माझी दोन्ही पोरं?" सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता.

थोरलीच्या जिभेवर खूप काही आलं. मी नाही खाल्ली आई, एकाला तळघराने खाल्लं आणि दुसऱ्याला तुमच्या लाडाने. वर्षभर मला जिवंत जाळलंत, त्याचं काय? आणि शेवटी खरं बोललात, त्यासाठी पाया पडू की काय करू? पण बोलून कुणाचं भलं होणार होतं?

जिन्यावरून लोक खालीवर करत होते. सासूबाईंनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. ते बंद होतं. मग त्यांनी तो अधांतरी हात थोरलीच्या बाजूला केला. तिच्याकडे मात्र बघितलं नाही.

"धर," त्या म्हणाल्या. "दुसरं कुणी नाही म्हणून सांगतेय. खाली पोचेपर्यंत धर, आणि खाली पोचलं की सोड."

थोरलीने धरलं. एकेक पायरी करत दोघी उतरल्या. खाली पोचल्यावर तिने हात सोडला.